पत्तेवाल्यांची एक ओळ

आमच्या कंपनीत त्यांना सगळे पत्तेवाले म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत पत्ते कुटत असणार. त्यांनी आयुष्यात पत्त्यांचा जोड कधी हातात धरला असेल असं मला वाटत नाही. त्यांचे पत्ते वेगळे होते. कुणी अडचण घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "ते सगळं ठीक. पण पत्ता कुठे ठेवलाय?"

आम्ही औषधांच्या शीतपेट्यांवर बसवायची यंत्रं बनवत होतो. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर एक प्रोसेसर आणि बोटभर रुंदीचा पडदा. पेटीतलं तापमान सांभाळायचं, वीज गेली की नोंद ठेवायची आणि वीज आली की कुणी बटण न दाबता आपलं आपण सुरू व्हायचं, एवढंच त्याचं काम. मी चाचणीच्या टेबलावर होतो. दिवसभर त्या बोर्डांची वीज घालवायची आणि परत आणायची. माझी बायको पाहुण्यांना सांगायची, हे खूप शिकलेत, आता बटणं दाबतात.

वीज आल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. पत्तेवाल्यांनी जन्मभर तेवढंच केलं. हा प्रोग्राम जागा होतो तेव्हा मोठी मेमरी अजून तयार नसते. प्रोसेसरच्या पोटात थोडीशी जागा असते, तिच्यात तो आपलं एक छोटं टिपण ठेवतो. घड्याळाचा वेग किती, मेमरी किती, पडद्यावर अक्षरं उमटवायची सोय झाली की नाही, असलं सगळं त्या टिपणात. आणि ते टिपण कुठे आहे त्याचा पत्ता प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये धरून ठेवायचा. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या हाताची मूठच म्हणा. पुढे मोठी मेमरी तयार झाली की प्रोग्राम बाडबिस्तारा उचलून तिकडे राहायला जातो, टिपणही नेतो, आणि मुठीतला पत्ता बदलतो. मधे कुणी ती मूठ उघडून दुसरंच काही ठेवलं की संपलं. प्रोग्रामला आपण कोण, कुठे, काही कळत नाही. बोर्ड दगडासारखा पडून राहतो.

प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याची रीत निराळी. एका घराण्यात हा पत्ता नवव्या रजिस्टरमध्ये, दुसऱ्यात अठराव्या, तिसऱ्यात त्यासाठी वेगळंच नाव असलेल्या रजिस्टरमध्ये. पत्तेवाल्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. लोक नातेवाइकांची लग्नं कुठे कुठे झाली ते सांगतात, तसं ते कोणाचा पत्ता कुठल्या रजिस्टरमध्ये ते सांगायचे.

त्यांच्या हाताखाली एकच मुलगी होती. कॉलेजातून थेट आमच्याकडे आली, आणि त्या दोघांच्याच विभागात वयाने लहान म्हणून धाकटी झाली. बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची. पहिल्या वर्षी पत्तेवाल्यांनी तिला कीबोर्डला हातच लावू दिला नाही असं म्हटलं तरी चालेल. कागदावर चौकोन काढायला लावायचे आणि प्रत्येक पायरीला विचारायचे, आता पत्ता कुठे आहे? आता? चुकली की नवा कागद. ती वैतागायची, पण माझ्याकडे येऊन म्हणायची, "कधी रागावत नाहीत हो. नुसता नवा कागद देतात." चौथ्या वर्षी ते तिच्या कामावर नुसती नजर टाकून पुढे जायला लागले. त्यांच्यालेखी तो मोठा मान होता.

पाचव्या वर्षी कंपनीने प्रोसेसर बदलायचं ठरवलं. नवव्या रजिस्टरवाल्या घराण्यातून अठराव्यावाल्या घराण्यात जायचं. काम दोघांनी मिळून करायचं होतं, पण त्याच सुमारास पत्तेवाल्यांच्या बायकोचं दुखणं निघालं. पोटात गाठ होती आणि कळायला फार उशीर झाला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना. ते रजेवर गेले ते पाच महिने आलेच नाहीत. जाताना धाकटीला एवढंच म्हणाले की तुला येतं, कर.

तिने केलं. बोर्ड सुरू झाला, माझ्या टेबलावर आठशे वेळा वीज घालवून आणली, आठशे वेळा सुरू झाला. माल गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या ग्राहकाकडून फोन आला की वीज गेली आणि आली, पण त्यांच्या एकवीस पेट्यांवरची यंत्रं जागीच झाली नाहीत. सुट्टीचे दिवस होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. आतली सगळी औषधं फेकून द्यावी लागली.

आमचे साहेब तसे वाईट नव्हते, पण ग्राहकाचा फोन आला की त्यांच्या पायाखालची जमीन सरकायची. नवीन काय, तर प्रोसेसर. त्यावरची सुरुवातीची ओळ न् ओळ कुणाची, तर धाकटीची. त्यांनी दोन दिवसांत ग्राहकाला लिहून दिलं की आमच्या एका कर्मचाऱ्याने सुरुवातीच्या भागात चूक केली आहे. बाहेरून एक जाणकार बोलावला. त्याने तिच्या ओळी आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिल्या आणि जाताजाता भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे कंपायलरला, सांगून ठेवलं की फार हुशारी करू नकोस, साधं सरळ भाषांतर कर. यंत्रं सुरू व्हायला लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खापर धाकटीच्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच.

महिन्याभरात तिने राजीनामा दिला. मी त्या दिवशी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हणालो, दुसरीकडे लगेच मिळेल तुला. ती म्हणाली, बघू. कागदांची एक पिशवी तिने कामाच्या टेबलावरच सोडली होती. सफाईवाल्यांनी ती टाकून दिली असणार.

पत्तेवाले परत आले ते बायकोला पोचवून. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण नाही. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून सगळं सांगितलं. मी बाहेरच होतो. दार उघडं होतं. साहेब म्हणाले, पोरगी घाईत होती, सुरुवातीलाच पत्ता चुकवला. पत्तेवाल्यांनी मान हलवली. "एकटी पडली ती," म्हणाले, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांनी तिच्या ओळी उघडून पाहिल्या नाहीत. कुणी त्यांना दोष द्यावा अशी ती वेळ नव्हती. माझ्याही मनात आलं नाही.

सात वर्षं गेली. साहेब दुसऱ्या कंपनीत गेले, त्यांच्या जागी वयाने निम्म्या बाई आल्या. पत्तेवाले साठीला टेकले. घरी ते कसे राहत असतील याचा अंदाज डब्यावरून यायचा. रोज पाव आणि एक केळं. धाकटीचं नाव निघालं की म्हणायचे, "चांगली होती." एवढंच.

मग पुन्हा प्रोसेसर बदलायची वेळ आली. या खेपेस तिसरं घराणं. हे आपलं शेवटचं काम हे पत्तेवाल्यांना माहीत होतं. त्यांनी ठरवलं की घाई करायची नाही. बूटलोडरच्या साडेतीनशे फाइली होत्या. प्रत्येक फाइल कंपायलरकडे जाते तेव्हा तिच्याबरोबर सूचनांची एक लांबलचक रांग जाते, आणि त्या रांगेत एक सूचना असलीच पाहिजे की अमुक रजिस्टरला हात लावायचा नाही, तिथे आमचा पत्ता आहे. त्यांनी साडेतीनशे रांगा कागदावर छापून घेतल्या आणि पट्टी ठेवून एकेक वाचायला बसले. नव्या बाई मला हळूच म्हणाल्या की हे संगणकाला सांगितलं तर क्षणात होईल. मी म्हटलं, असू द्या, त्यांचं तसंच असतं.

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या बोटाखाली एक रांग होती. सेटिंग्ज वाचणाऱ्या सहा फाइलींच्या रांगेत ती सूचनाच नव्हती.

"ही कधीपासून नाही?" मी विचारलं.

त्यांनी संगणकावर त्या फोल्डरचा इतिहास उघडून दाखवला. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी त्या फोल्डरसाठी स्वतंत्र सूचना लिहिली होती. सूचना लिहायचे दोन प्रकार असतात. एकाने आधीच्या सूचनांमध्ये भर पडते, दुसऱ्याने आधीच्या पुसल्या जाऊन हीच राहते. फरक एका चिन्हाचा. लिहिणाऱ्याने दुसरा प्रकार लिहिला होता. त्या सहा फाइलींपुरती "हात लावू नकोस" ही ताकीद पुसली गेली होती. ओळीपुढे नाव पत्तेवाल्यांचं होतं.

जुन्या प्रोसेसरवर कंपायलरला त्या फाइलींमध्ये नवव्या रजिस्टरची कधी गरजच पडली नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहिली. नव्यावर त्याने अठरावं रजिस्टर मोकळं समजून उचललं. तेही नेहमी नाही. साठवलेली सेटिंग्ज अर्धवट लिहिली गेली असतील, म्हणजे लिहिता लिहिता नेमकी वीज गेली असेल, तरच तो प्रोग्राम त्या वाटेला जायचा. माझ्या टेबलावर आठशे वेळा तो त्या वाटेला गेलाच नव्हता. बाहेरून आलेल्या जाणकाराने कंपायलरला साधं काम करायला सांगितलं, तशी त्याला त्या रजिस्टरची गरज उरली नाही, आणि चूक परत झाकली गेली. धाकटीच्या ओळींमध्ये काहीही चुकीचं नव्हतं.

पत्तेवाल्यांनी कागदांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "जुना बोर्ड आहे का तुझ्याकडे? जाणकार यायच्या आधीचा?"

होता. कपाटात धूळ खात पडलेला. मी सेटिंग्ज मुद्दाम अर्धवट करून वीज दिली. पडदा काळा. पुन्हा दिली. काळा. त्यांनी ती एक ओळ दुरुस्त केली, धाकटीच्या मूळच्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या, आणि मला परत चालवायला लावलं. बोर्ड पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी शंभर वेळा केलं. शंभर वेळा झाला. ते खुर्चीत बसून एकेक वेळ मोजत होते. मग उठून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

तिचा ठावठिकाणा मी शोधून काढला. तिने हे क्षेत्रच सोडलं होतं. दोन ठिकाणी मुलाखतीला गेली, तिथे आधीच बातमी पोचलेली. मग मोठ्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागली होती. पत्तेवाले म्हणाले, येतोस का बरोबर, माझ्याने एकट्याने होणार नाही.

दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं, एका बाजूला छपाईवाला आणि एका बाजूला धोबी. भिंतीवर फ्रेमी टांगलेल्या. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, त्यावर पाण्याची बारीक धार. धाकटी तिथे उभी होती. रबरी एप्रन, कोपरापर्यंत पांढरा गाळ. आम्हाला पाहून तिने यंत्र बंद केलं, हात धुतले, दोन स्टुलं पुढे केली. वयापेक्षा थकलेली दिसत होती. भाऊ बाहेर गिऱ्हाईक बघत होता.

पत्तेवाल्यांनी छापलेला कागद तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. कुठली फाइल, कुठली ओळ, कधी लिहिली, का लिहिली. स्वतःला कुठेही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. तुझी नव्हती."

तिने कागदाकडे बघितलंही नाही.

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. जाणकार येऊन गेल्यावर आठवड्याभरातच तिला ती ओळ सापडली होती. छापून घेऊन ती थेट हॉस्पिटलात गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर पत्तेवाले बसले होते, मांडीवर बायकोची शाल, समोर चहाचा गार झालेला पेला. त्यांनी तिला बघून विचारलं, जेवलीस का? ती त्यांच्या शेजारी अर्धा तास बसली. कागद पिशवीतून बाहेर निघालाच नाही.

पत्तेवाल्यांना ती भेट आठवत होती. ती शाल आठवत होती. ती पिशवी नाही.

"म्हणजे माझ्यासाठी तू..." ते म्हणायला लागले.

"नाही," ती म्हणाली. "तसं समजू नका. मी एवढी मोठी नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, कागद दाखवला. ते म्हणाले, ग्राहकाला एक कारण लिहून दिलंय, आता दुसरं देता येणार नाही. यंत्रं चालतायत ना, मग झालं. मी भांडले. उपयोग झाला नाही."

बाहेर तिचा भाऊ कुणाला तरी अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता.

"चुकीबद्दल मला काही वाटलं नाही, सर. ओळ कुणाचीही चुकते. तुम्हीच शिकवलंत, नवा कागद घ्यायचा. पण तुम्ही परत आलात. साहेबांनी तुम्हाला सांगितलं की हिने पत्ता चुकवला. आणि तुम्ही मानलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षं तुम्ही माझा एकेक चौकोन तपासलात. एकदा उघडून बघायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी फोनची वाट बघत होते. वर्षभर बघितली."

पत्तेवाले खाली बघत होते. "खरं आहे," म्हणाले.

त्यांनी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. पण ते 'ठीक आहे' कशा प्रकारचं होतं ते आम्हा दोघांना कळलं. ते म्हणाले, मी नव्या बाईंशी बोलतो, तू परत ये. ती किंचित हसली. सात वर्षांत सगळं बदललंय सर, आणि आता मला तो बोर्ड सुरू होताना बघायची भीती वाटते. घासायला ठेवलेल्या काचेकडे बोट करून म्हणाली, एका आजींची आहे, संध्याकाळी न्यायला येतील. आम्ही उठलो. ती दारापर्यंत आली नाही. यंत्र परत सुरू झाल्याचा आवाज आम्हाला रस्त्यावर ऐकू आला.

ऑफिसात येऊन पत्तेवाल्यांनी जे करता येईल ते केलं. नव्या बाईंकडे गेले आणि म्हणाले की तिच्या नावावरचा डाग लेखी पुसला पाहिजे, ग्राहकालाही कळवलं पाहिजे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमची कळकळ समजते, पण इतकं जुनं प्रकरण उकरून कुणाचं भलं होणार? कंपनी काही लिहिणार नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावाने ग्राहकाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की ती यंत्रं आम्ही कधीच काढून टाकली आहेत, तेव्हाचे अधिकारीही आता इथे नाहीत, आपण कळवल्याबद्दल आभार.

मग एकच जागा उरली. बूटलोडरमधली ती ओळ बदलताना कारण लिहायची पद्धत असते, एरवी कुणी पाच शब्दांपलीकडे लिहीत नाही. पत्तेवाल्यांनी सव्वा पान लिहिलं. चूक कुणाची, किती वर्षं राहिली, कुणी ती पहिल्यांदा शोधली आणि तिचं कुणी ऐकलं नाही, त्यात आपणही होतो. धाकटीचं पूर्ण नाव लिहिलं. आमच्या विभागातल्या तिघांनी ते वाचलं. बाकी कुणाला गरज पडली नाही.

तिसऱ्या घराण्याचा बोर्ड ठरल्या दिवशी सुरू झाला. मी वीज घालवून आणून तीन हजार वेळा बघितला, अर्धवट सेटिंग्ज करूनही बघितला. पत्तेवाले निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी बाईंनी त्यांच्या कारकिर्दीबद्दल चांगलं बोलून घेतलं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले आणि हात जोडून खाली बसले.

गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. एक बाई सकाळी येऊन स्वयंपाक करून जातात. मी महिन्यातून एकदा जातो.

मागे माझा चष्मा बदलायचा होता म्हणून मी धाकटीच्या दुकानात गेलो. दुसरीकडेही जाता आलं असतं, पण गेलो. ती माझ्या बुबुळांमधलं अंतर मोजत होती. पट्टी माझ्या नाकावर धरलेली, आणि तशातच तिने विचारलं, "सर कसे आहेत?"

मी सांगितलं. पडल्याचं, हाडाचं, एकटे असल्याचं. तिने आकडा कागदावर लिहून घेतला.

"येईन म्हणावं एकदा," ती म्हणाली.

मी तो निरोप त्याच संध्याकाळी पोचवला. पत्तेवाल्यांनी दोनदा विचारून घेतलं की नेमकं काय म्हणाली, येईन म्हणाली की बघू म्हणाली. मी म्हटलं, येईन म्हणाली. त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना सांगून बाहेरच्या खोलीतला वर्तमानपत्रांचा ढीग हलवून घेतला, खुर्ची मोकळी केली.

त्याला आता आठ महिने झाले. ती गेलेली नाही. मी तिला पुन्हा विचारलं नाही, आणि तेही मला विचारत नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी मोकळीच ठेवली आहे. मी गेलो की पलंगाच्या कडेला बसतो.